इन्शुरन्स कमिशनर: मतदारांनी निवडावा की गव्हर्नरने नेमावा?

कोरांटी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

येत्या नोव्हेंबरात (२०२६) कॅलिफोर्नियात गव्हर्नरबरोबर इन्शुरन्स कमिशनरचीही निवडणूक आहे. रिकार्डो लारा यांच्या दोन टर्म पूर्ण होताहेत, त्यामुळे नवा चेहरा येणार हे ठरलेलं. आमच्या ग्रुपवर गव्हर्नर कोण यावरून रोज हमरीतुमरी चालते, पण या पदाबद्दल चकार शब्द नाही. घराला विमा मिळेल का आणि मिळाला तर केवढ्याला, हे मात्र बरंचसं याच ऑफिसात ठरतं. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण भारतातून आलेल्या माणसाला ही रचना चमत्कारिक वाटते. बँका आणि शेअरबाजार यांच्यावर वॉशिंग्टनची नजर असते, विम्यावर जवळपास नाही. १८६९ मध्ये पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की विमा पॉलिसी देणं हा व्यापारच नव्हे, म्हणजे आंतरराज्य व्यापारावरचा केंद्राचा अधिकार इथे चालणार नाही. (खटला कुणाचा, तर न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या पॉलिश्या व्हर्जिनियात परवान्याशिवाय विकणाऱ्या एका एजंटचा!) १९४४ मध्ये त्याच कोर्टाने साउथ-ईस्टर्न अंडररायटर्सच्या खटल्यात घूमजाव केलं: विमा हा आंतरराज्य व्यापारच आहे. राज्यं आणि कंपन्या, दोघांचीही पळापळ झाली, आणि १९४५ मध्ये काँग्रेसने मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून सगळं पुन्हा राज्यांच्या हवाली केलं. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ट्रेझरीत फेडरल इन्शुरन्स ऑफिस आलं खरं, पण ते माहिती गोळा करतं आणि अहवाल लिहितं. कंपनीचा दर अडवायची ताकद त्याला नाही.

तर प्रत्येक राज्याचा आपापला नियामक. कुठे कमिशनर, कुठे डायरेक्टर, न्यूयॉर्कात सुपरिंटेंडेंट. ११ राज्यांत त्याला थेट मतदार निवडतात: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मोंटाना, नॉर्थ डकोटा, कॅन्सस, ओक्लाहोमा, लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना आणि डेलावेअर. बाकी बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमतो.

आमच्याकडेही आधी नेमणूकच होती. १९८८ मध्ये कार विम्याचे दर इतके भडकले होते की एकाच मतपत्रिकेवर विम्याचे पाच वेगवेगळे प्रस्ताव होते. कंपन्यांनी सहा कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला, तरी त्यांना सर्वांत नको असलेला प्रपोझिशन १०३ निसटत्या बहुमताने पास झाला. दर २० टक्क्यांनी खाली आणा, पुढे दर वाढवायचा तर आधी परवानगी घ्या, आणि ती परवानगी देणारा माणूस लोकांनी निवडलेला असेल, असं त्यात होतं. १९९० मध्ये जॉन गॅरामेंडी पहिले निवडून आलेले कमिशनर झाले.

इथवर गोष्ट छान आहे. पुढे १९९४ मध्ये चक क्वाकेनबुश निवडून आले. त्याच वर्षी जानेवारीत नॉर्थरिजचा भूकंप झाला होता, आणि कंपन्यांनी लोकांचे क्लेम कसे हाताळले याची चौकशी खात्याने केली. अहवालांवरून जबर दंड व्हायला हवा होता. झालं असं की कंपन्यांनी दंडाऐवजी एका फाउंडेशनला देणगी द्यायची, अशी तडजोड झाली, आणि त्या पैशातून टीव्हीवर जाहिराती लागल्या, ज्यांत साहेब स्वतः झळकत होते. खात्यातल्याच एका वकील बाईंनी कागद बाहेर काढले आणि २००० मध्ये साहेबांना राजीनामा द्यावा लागला. हा माणूस लोकांनी एकदा नाही, दोनदा निवडून दिलेला.

माझा कल त्यामुळे नेमणुकीकडे आहे. विम्याचा हिशेब हे तज्ज्ञाचं काम, त्याला प्रचारासाठी देणग्या गोळा करत फिरायला का लावायचं? तुमच्या राज्यात काय अनुभव आहे?

बोलघेवडा

पहिला! खुर्ची अडवून ठेवतो, संध्याकाळी सावकाश वाचतो.

केळफूल (अटलांटा)

कोरांटी, मस्त लिहिलंयस. जॉर्जियाचं ऐक. आमच्याकडे २०१८ मध्ये जिम बेक निवडून आले. जानेवारीत शपथ, मे महिन्यात आरोपपत्र. आधी जिथे नोकरी करत होते तिथले वीस लाख डॉलरहून जास्त खोट्या बिलांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप होता. २०२१ मध्ये शाबीत होऊन सात वर्षांहून अधिक शिक्षा झाली. विनोद असा की ज्या संस्थेला गंडवलं तीही विम्यातलीच. म्हणजे विम्यातला "अनुभवी" माणूस म्हणून निवडून आले आणि अनुभव हा असा!

मग गव्हर्नरने जॉन किंग यांना नेमलं, ते पुढे २०२२ मध्ये निवडूनही आले. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही पद्धती एकाच खुर्चीवर पाहून झाल्या.

मिरगाचा पाऊस (बॅटन रूज)

जॉर्जियाचा एक? लुइझियानाचे ओळीने तीन. शर्मन बर्नार्ड, डग ग्रीन, जिम ब्राउन. तिघेही निवडून आलेले, तिघेही तुरुंगात गेले. ग्रीन यांची केस तर धडा म्हणून शिकवावी अशी: चॅम्पियन नावाच्या कंपनीच्या मालकांनी त्यांच्या प्रचाराला पैसा पुरवला, आणि निवडून आल्यावर त्यांनी ती बुडीत कंपनी चालू राहू दिली. २५ वर्षांची शिक्षा सुनावली कोर्टाने. ब्राउन यांचं प्रकरण त्यामानाने किरकोळ, एफबीआयशी खोटं बोलले म्हणून सहा महिने.

आणि एवढं होऊनही आम्ही अजून निवडतोच. २०२३ मध्ये तर टिम टेंपल बिनविरोध आले. कॅटरिना, मग आयडा ही वादळं, कंपन्या एकामागून एक बुडालेल्या, घराचा विमा आभाळाला भिडलेला, आणि ही खुर्ची मागायला शेवटी दुसरं कुणी उरलंच नाही.

सुपारी (रॅली, नॉर्थ कॅरोलायना)

थांबा हो, निवडून आलेले सगळे चोर असा सूर लागतोय. आमचे माइक कॉझी २०१६ मध्ये निवडून आले. ग्रेग लिंडबर्ग नावाच्या विमा कंपनीच्या मालकाला स्वतःच्या कंपनीची तपासणी करणारी डेप्युटी कमिशनर तिथून हलवून हवी होती. त्याबदल्यात प्रचारासाठी वीस लाख डॉलरपर्यंत देणगीची बोली लावली. कॉझींनी काय केलं, तर थेट एफबीआयला सांगितलं आणि अंगावर रेकॉर्डर लावून पुढच्या बैठकांना गेले. लिंडबर्ग २०२० मध्ये दोषी ठरला, अपिलात सुटला, २०२४ मध्ये पुन्हा दोषी ठरला.

लाच देऊ करायला निवडणुकीची देणगी हे सोयीचं भांडं आहे, हे मान्य. पण ते भांडं नसतं तर लिंडबर्ग गप्प बसला असता का? निवृत्तीनंतरच्या नोकरीचं आमिष दाखवलं असतं. तिथे तर रेकॉर्ड करायलाही काही नसतं.

आकडेमोड्या (हार्टफर्ड, कनेक्टिकट)

ॲक्च्युअरी (विम्याचा धोका आणि दर यांचं गणित मांडणारा) आहे, विमा कंपनीत होतो, आता सल्लागार. माझं मीठ कुठलं आहे ते आधीच सांगितलं म्हणजे बरं.

तुरुंगाच्या गोष्टी रंगतदार आहेत, पण त्यामुळे चर्चा भरकटतेय. नियामकाचं पहिलं काम दर ठरवणं नाही. क्लेम येईल त्या दिवशी कंपनी जिवंत असली पाहिजे, हे पाहणं आहे. भांडवल पुरेसं आहे का, गुंतवणूक कुठे आहे, रीइन्शुरन्स (विमा कंपनीने स्वतःसाठी काढलेला विमा) किती घेतलाय, याची तपासणी वर्षभर चालते आणि त्यात काही चुकलं नाही तर कुणाला कळतही नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्प फायरने पॅराडाइज गाव जाळलं तेव्हा मर्सेड नावाची छोटी जुनी कंपनी एका झटक्यात बुडाली. खात्याने ती ताब्यात घेतली आणि राज्याच्या गॅरंटी फंडाने लोकांचे क्लेम भागवले. ही बातमी किती जणांनी वाचली होती? आणि प्रीमियम दोनशे डॉलरने वाढला की अख्ख्या गल्लीला कळतं.

निवडून येणाऱ्या माणसापुढची अडचण हीच. दर दाबून धरला की मतं मिळतात. त्यामुळे कंपनी नव्या पॉलिश्या द्यायची थांबते, ते चार-पाच वर्षांनी, बहुधा पुढच्याच्या काळात. बेस्ली आणि कोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये वीज नियामकांबद्दल दाखवलं होतं की निवडून आलेला नियामक असेल तिथे विजेचे दर कमी असतात. ग्राहक म्हणून हे वाचून आनंद होतो. पण वीज कंपनी तारा-खांब उचलून दुसऱ्या राज्यात जाऊ शकत नाही, विमा कंपनी जाऊ शकते.

कॅलिफोर्नियाचंच बघा. १०३ च्या नियमानुसार घर किंवा कारच्या विम्यात सात टक्क्यांहून जास्त वाढ मागितली आणि ग्राहकांकडून कुणी मागणी केली, की जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. मग कंपन्या काय करतात? ६.९ टक्के मागतात. खात्याच्या साइटवर जाऊन अर्ज बघा, ६.९, ६.९, ६.९. वणव्याचा धोका मोजताना जुन्या वर्षांच्या नुकसानीची सरासरीच धरायची, पुढच्या धोक्याचं मॉडेल चालणार नाही, रीइन्शुरन्सचा खर्च दरात धरायचा नाही, असेही नियम होते. २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांनंतर हे गणित बसेना. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या बड्या विमा कंपनीने घरांच्या नव्या पॉलिश्या देणं थांबवलं, मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२,००० पॉलिश्या रिन्यू न करण्याचं जाहीर केलं.

बोलघेवडा

वाचलं. अरेरे, बिचाऱ्या कंपन्या. कुणीतरी वर्गणी काढा रे.

आकडेमोड्या

@बोलघेवडा, वर्गणी निघालीच आहे, काढणारे तुम्हीच. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅलिसेड्स आणि ईटन वणवे लागले. ज्यांना कुणी विमा देत नाही त्यांच्यासाठीचा फेअर प्लॅन खडखडाट झाला, आणि राज्यातल्या सगळ्या विमा कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करायला लारांनी परवानगी दिली. त्यातले निम्मे कंपन्या आपल्या ग्राहकांकडून वसूल करू शकतात. फ्रीमाँटच्या माणसाच्या बिलात पॅलिसेड्सचा वाटा आहे.

कोरांटी

आहेच की! आमच्या बिलात ती ओळ बघून मी एजंटला फोन केला, तर त्यालाच धड सांगता येईना.

पण आकडेमोड्या, तुमच्या बोलण्यातून उलटंच निघतंय. ते जाचक नियम मॉडेलचे, रीइन्शुरन्सचे. ते बदलले कुणी? निवडून आलेल्या लारांनीच ना? २०२४ च्या अखेरीस त्यांनी कंपन्यांना दोन्ही गोष्टी दिल्या आणि बदल्यात अट घातली की राज्यात जेवढा तुमचा वाटा आहे त्याच्या निदान ८५ टक्क्यांपर्यंत वणव्याच्या भागातही पॉलिश्या द्या. मे २०२५ मध्ये स्टेट फार्मला १७ टक्क्यांची तातडीची वाढही दिली. मतांसाठी दर दाबणारा माणूस असं करत नाही.

(लारांचं कौतुक म्हणून हे लिहीत नाहीये. विमा धंद्यातल्या लोकांच्या देणग्या घेणार नाही म्हणाले होते, घेतल्या, आणि २०१९ मध्ये बातम्या आल्यावर परत केल्या.)

आकडेमोड्या

मुद्दा बरोबर. पण कंपन्यांना त्या दोन्ही गोष्टी कधी दिल्या ते पाहा. दुसरी टर्म, पुन्हा उभं राहायचं नाही. मतांचं ओझं उतरल्यावर माणूस हिशेब करायला लागला.

गावठी आंबा (शिकागो)

मी थोडं वेगळं टाकतो. इलिनॉयात डायरेक्टर गव्हर्नर नेमतो. म्हणजे तज्ज्ञ, शांत, प्रचारमुक्त वगैरे. फक्त त्याच्या हातात घराच्या किंवा कारच्या विम्याचा दर अडवायचा अधिकारच नाही. १९७१ पासून आमच्याकडे दरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा नाहीये. २०२५ च्या उन्हाळ्यात स्टेट फार्मने घरांच्या विम्यात सरासरी २७.२ टक्के वाढ जाहीर केली. गव्हर्नर प्रिट्झकर भयंकर चिडले, निवेदन काढलं, कायदा करा म्हणाले. वाढ लागू झाली.

वर टेक्सासचं कुणी लिहिलं नाही. तिथे गव्हर्नर दोन वर्षांसाठी कमिशनर नेमतो, पण ग्राहकांची बाजू मांडायला ऑफिस ऑफ पब्लिक इन्शुरन्स काउन्सेल हे वेगळं सरकारी ऑफिस आहे. ते कंपन्यांचे दराचे अर्ज तपासून आक्षेप घेतं. हे मला निवडणुकीपेक्षा कामाचं वाटतं. कॅलिफोर्नियात तेच काम १०३ नुसार कुणीही ग्राहक संघटना करू शकते आणि तिची फी कंपनीने भरायची असते. कंपन्यांना तो "इंटरव्हीनर" सगळ्यात जास्त खुपतो, यावरून काय ते समजा.

डॅलसकर

हाक मारलीत म्हणून आलो. टेक्सास असो की कॅलिफोर्निया, आम्हा एच-१बी वाल्यांना मत कुठे आहे? प्रीमियम भरायला मात्र आम्ही सगळ्यात पुढे. गारपिटीने छत फुटलं तेव्हा आमच्या कंपनीने (नाव लिहीत नाही) "जुनंच नुकसान आहे" म्हणून हात वर केले. टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे ऑनलाइन तक्रार केली. नागरिकत्व, व्हिसा, काहीही विचारलं नाही. कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं, पुन्हा ॲडजस्टर (नुकसान तपासणारा) आला आणि अर्धं तरी पदरात पडलं. कमिशनर कोण आहे ते मला आजही ठाऊक नाही.

केळफूल

+१. तक्रार फुकट असते आणि वकील लागत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. फक्त हेल्थ इन्शुरन्सच्या बाबतीत माझी तक्रार जॉर्जियाच्या खात्याने "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत पाठवली होती. का ते अजून कळलेलं नाही.

आकडेमोड्या

नवरा मोठ्या कंपनीत आहे का? मग प्लॅन बहुधा सेल्फ-फंडेड असेल. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण क्लेमचे पैसे नोकरी देणाऱ्या कंपनीच्या खिशातून जातात, विमा कंपनी फक्त कागद सांभाळते. १९७४ च्या एरिसा कायद्याने असे प्लॅन राज्यांच्या कक्षेबाहेर काढले. तिथे कमिशनर निवडलेला असो, नेमलेला असो, काही करू शकत नाही. तक्रार केंद्राच्या लेबर डिपार्टमेंटकडे. एचआरकडे "समरी प्लॅन डिस्क्रिप्शन" मागा, त्यात लिहिलेलं असतं. आयटीतल्या बहुसंख्य मराठी घरांची हीच गत आहे.

केळफूल

हो, सेल्फ-फंडेडच निघाला. आत्ताच पीडीएफ उघडून पाहिली. एवढी साधी गोष्ट एचआरने ओरिएंटेशनला सांगायला काय हरकत होती!

पेठेतला (पुणे)

सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीतून निवृत्त. तुमची पन्नास राज्यं वाचून गरगरलं. आपल्याकडे विमा हा केंद्राच्या यादीतला विषय, नियामक एकच, हैदराबादला. १९९४ च्या मल्होत्रा समितीच्या अहवालातून निघालेली कल्पना, १९९९ चा कायदा. अध्यक्ष केंद्र सरकार नेमतं, कॅबिनेट सचिवांच्या समितीने नावं छाननी करून. पहिले अध्यक्ष रंगाचारी, त्यांच्यापासून पाहिलं तर बहुतेक अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी, मधेच एलआयसीचे विजयन. देबाशीष पांडा मार्च २०२५ मध्ये निवृत्त झाले आणि अजय सेठ यांची नेमणूक जुलैत झाली. मधले चार महिने खुर्ची रिकामी. त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. तुमच्याकडे निदान भांडायला निवडणूक तरी आहे.

दरांचं म्हणाल तर २००७ पर्यंत आमच्याकडे आग, मोटार, इंजिनिअरिंग सगळ्याला ठरलेलं टॅरिफ. ते पुस्तक टेबलावर असायचं, दर बघायचा आणि लावायचा. टॅरिफ उठल्यावर कारखान्यांच्या आगीच्या विम्यात कंपन्यांनी असे काही डिस्काउंट दिले की आम्ही जुने लोक डोळे विस्फारून बघत राहिलो. थर्ड पार्टीचा दर तेवढा अजून सरकार ठरवतं.

बोलघेवडा

काका, माझी एलआयसीची जुनी एंडोमेंट सरेंडर करू का ठेवू?

पेठेतला

वेगळा धागा काढ. आणि पॉलिसी किती वर्षांची ते लिही, नुसतं "जुनी" म्हणू नकोस.

सुपारी

पेठेतले काकांनी रिकाम्या खुर्चीचं लिहिलं तो मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. नेमणूक म्हणजे तज्ज्ञ असं आपण धरून चालतोय. नेमणूक म्हणजे नेमणाऱ्याची सवड आणि मर्जीही. कॅन्ससचं उदाहरण द्यायचं राहिलं: कॅथलीन सिबेलियस १९९४ मध्ये निवडून आल्या तेव्हा त्यांनी विमा कंपन्यांच्या देणग्या घ्यायला नकार दिला होता. २००२ मध्ये अँथेम ही बडी कंपनी कॅन्ससची ब्लू क्रॉस ही हेल्थ इन्शुरन्स कंपनी विकत घ्यायला निघाली, तो व्यवहार त्यांनी अडवला. गव्हर्नरच्या फोनवर पद अवलंबून असतं तर अडवला असता? शंका आहे.

मिरगाचा पाऊस

आणि फ्लोरिडा? तिथे २००३ पर्यंत निवडून येत, मग घटना बदलून नेमणूक आली. कंपन्या तरी बुडायच्या थांबल्या नाहीत. वादळ आलं की पद्धत कुठली ते बघत नाही. आमच्याकडून फ्लोरिडाला गेलेले मित्र सांगतात, प्रीमियम इकडचा बरा होता.

कोरांटी

बरंच समजलं, सगळ्यांचे आभार. नेमणूकवालीच आहे मी अजून, पण यंदा मत तर द्यायचंच आहे. आमच्या मंडळात उमेदवारांना ऑनलाइन बोलवायचं घाटतंय. दोन-तीनच प्रश्न विचारायला मिळतील. काय विचारू?

आकडेमोड्या

फेअर प्लॅन पुन्हा रिकामा झाला तर पुढचा अब्ज कुणाकडून काढणार, हे आकड्यात विचारा. "सगळ्यांशी चर्चा करू" हे उत्तर घेऊ नका.

गावठी आंबा

इंटरव्हीनरची फी ठेवणार की काढणार? हो किंवा नाही.

सुपारी

देणग्यांचं विचारू नका, सगळे गोड बोलतील. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कॅल-ॲक्सेस साइटवर कुणी किती दिले ते नावानिशी असतं. आदल्या रात्री बघून ठेवा आणि मग त्यातलं एकच नाव घेऊन विचारा.